हातमोजे घालून वाढवलेली पिल्लं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, शेरॉनला तर नाहीच. ईस्टरच्या आधी आणि ख्रिसमसच्या आधी मी कन्फेशनच्या रांगेत तास-तास उभी राहते. आमच्याकडे रांग मोठी असते, अर्धी वसई आणि अर्धं केरळ तिथे उभं असतं. जाळीपलीकडच्या फादरना मी दर वेळी तेच ते सांगते. राग केला, सासूबद्दल वाईट बोलले, खोटं बोलले. कुठलं खोटं, ते सांगत नाही. तेही विचारत नाहीत, मागे लोक ताटकळलेले असतात.

मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. आणि एक आधीच बजावून ठेवते — मला समजून-बिमजून घेऊ नका. ‘आईचं काळीज’ वगैरे जे काही तुमच्या ओठांवर येईल, ते तुमच्यापाशीच ठेवा. तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

गोष्ट एका फेरेटची आहे. हसलात? फेरेट म्हणजे मुंगसासारखं लांबट, आखूड पायांचं एक पाळीव जनावर. इथे बरेच लोक पाळतात. माणसाचं काही केलं असतं तर चौकशी झाली असती. जनावराचं कोण विचारतो?

पण ते जनावरापासून सुरू होत नाही. ते माझ्यापासून सुरू होतं, आणि तिथेच मी अडखळते.

आम्ही शारजात राहतो, रोल्लाला, एका जुन्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर. मी दुबईतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. नवरा, रेमंड, तेलाच्या बोटीवर — सहा आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी. शेरॉन झाली तेव्हा मला पंचेचाळीस दिवसांची रजा मिळाली. तेव्हा तेवढीच मिळायची. एक्केचाळिसाव्या दिवशी मी तिला घेऊन वसईला गेले, आईच्या हातात दिली आणि परत आले. सेहेचाळिसाव्या दिवशी युनिफॉर्म घालून कामावर हजर. त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्या फ्लोअरवरच्या निम्म्या बायकांनी तेच केलं होतं. कोणाचं कोट्टायमला, कोणाचं मनिलाला, माझं वसईला. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही.

पाच वर्षं ती तिथे वाढली. मी माझ्या आईला आई म्हणते, म्हणून तीही आईच म्हणायला लागली. मी फोनमधली मम्मा. पाच वर्षांची झाल्यावर तिला इकडे आणायला गेले, तर मुंबईच्या विमानतळावर ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. व्रण आहे अजून. लोक विचारतात तेव्हा ओव्हनचा चटका म्हणून सांगते.

ती अकरा वर्षांची असताना जॉय नावाची माझी फिलिपिनो सहकारी कायमची मायदेशी निघाली. इथे माणूस कायमचा निघाला की घर वाटून टाकतो. सोफा एकाला, फ्रिज दुसऱ्याला, कुंड्या तिसऱ्याला. माझ्या वाट्याला जॉयची फेरेट आली, पिंजऱ्यासकट. नाव जुली. मला नकोच होती, पण शेरॉनने व्हिडिओ कॉलवर तिला पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं. मी नाही म्हणू शकले नाही. आमच्या नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या रखवालदाराला, मांजर आहे म्हणून सांगितलं.

जुली पोटुशी होती हे जॉयलाही माहीत नव्हतं. महिन्याभरात सहा पिल्लं झाली. माणसाच्या करंगळीएवढी, डोळे मिटलेली, आंधळी. जनावरांची डॉक्टर, एक इराकी बाई, घरी येऊन बघून गेली. तिने दोन गोष्टी बजावल्या. पहिली — सुरुवातीला वासाच्या हातांनी पिल्लांना शिवू नका, आई बिथरली तर पिल्लांना मारूही शकते. दुसरी — आठ आठवडे पिल्लं आईपासून तोडायची नाहीत, चावायचं किती आणि थांबायचं कुठे हे त्यांना आईच शिकवते. मग शेरॉनच्या हातावर नाक घासणाऱ्या जुलीकडे बघून ती हसली. म्हणाली, ही मात्र शांत आहे, तुमच्या मुलीवर हिचा विश्वास आहे.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं.

मला जुलीचा राग यायला लागला. एकदम नाही, रोज थोडा थोडा. ती हलायची नाही. खाण्याची वाटी पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात होती, चार पावलांवर. ती जायची, दोन घास घ्यायची, पिल्लांनी चूं केलं की तोंडातला घास टाकून परत. शेरॉन शाळेतून आली की दप्तरही न काढता जमिनीवर बसायची आणि बघत राहायची.

“मम्मा, लुक. शी डझन्ट लीव्ह देम. नॉट इव्हन टू ईट.”

मी बघितलं. इस्त्री करत होते.

थोड्या वेळाने ती तशीच, माझ्याकडे न बघता म्हणाली, “हाऊ मेनी डेज वॉज आय?”

“कशाचे दिवस?”

“व्हेन यू वेंट बॅक.”

मी खरं सांगितलं. एक्केचाळीस.

तिने बोटांवर मोजलं. “जुलीज बेबीज आर ट्वेंटी-टू,” एवढंच म्हणाली, आणि पुन्हा पिंजऱ्याकडे तोंड करून बसली.

आता तुम्ही सांगा, तिने काय वाईट विचारलं? काहीच नाही. पोरीने हिशेब केला, संपलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मी चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण ती त्या जनावराकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, तसं तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी इस्त्री तशीच ठेवली. रेमंडच्या शर्टाची कॉलर जळाली. चाळीस वर्षांची बाई, एका मुंगसाएवढ्या प्राण्यावर जळत होते. लाज वाटली का? नाही. खोटं कशाला सांगू? मला तिला घरातून घालवायचं होतं.

संधी दोनच दिवसांत आली.

सहा पिल्लांत एक अगदी मरतुकडं होतं. बाकीची ढकलायची, ते दुधापर्यंत पोचायचंच नाही. आदल्या संध्याकाळी शेरॉनने त्याला तळहातावर घेतलं. हाताला तिचं ते दप्तराला लटकवलेलं स्ट्रॉबेरीच्या वासाचं सॅनिटायझर लावलेलं होतं. मी किचनच्या दारातून बघत होते. जुलीने पिल्लाला हुंगलं, शेरॉनचा हात हुंगला आणि निवांत आडवी झाली. शेरॉनने पिल्लू तिच्या पोटाशी नीट लावून दिलं. बस, इतकंच झालं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सकाळी सहाला मी उठले तेव्हा ते मरतुकडं पिल्लू बाकीच्यांपासून वेगळं पडलं होतं, थंडगार. जुली त्याला मानेला धरून परत घरट्यात ओढत होती. ठेवायची, ते घरंगळायचं, ती पुन्हा ओढायची. मी ते तिच्या तोंडातून काढून घेतलं, दिव्याखाली धरलं. माझं कामच ते आहे — उशीवरचा एक केस मला दिसतो. त्या अंगावर एक ओरखडा नव्हता. आपल्या मरणाने मेलं होतं ते.

टिश्यूत गुंडाळून मी ते मजल्यावरून कचरा खाली टाकायच्या नळीत, शूटमध्ये, टाकलं. परत आले तर शेरॉन पिंजऱ्यापाशी उभी. पिल्लं मोजत होती.

आणि मी बोलले. “जुलीने मारलं एकाला.”

इथेच थांबता आलं असतं. इथवर ते फक्त जनावराशी वैर होतं, पोरीशी नाही. पण तिने विचारलं, “व्हाय?” — तिचा विश्वासच बसत नव्हता, ती अजून जुलीचीच बाजू घेत होती. तेव्हा माझ्या तोंडातून जे आलं ते घाईत आलं नाही. मी विचार करून बोलले.

“काल हात लावलास ना तू? तो स्ट्रॉबेरीचा वास. डॉक्टरने काय सांगितलं होतं?”

ती रडली नाही. तिने आपले दोन्ही हात समोर धरले आणि बघितले. उलटे केले, परत सुलटे केले. मग दप्तर घेऊन शाळेची बस पकडायला गेली.

ती गेल्यावर मी हॉटेलात फोन करून दहा दिवसांची रजा टाकली. ऐकताय ना? पोटच्या पोरीसाठी पंचेचाळीसच्या वर एक दिवस मागायची माझी हिंमत झाली नव्हती. त्या दिवशी कारण विचारलं तर फॅमिली इमर्जन्सी म्हणाले.

उम्म अल कुवैनला, इंडस्ट्रियल एरियाच्या पलीकडे, पक्षी आणि ससे विकणारा एक माणूस होता. त्याला फोन केला. जुलीला मांजराच्या पेटीत घातली, टॅक्सी केली. पाच पिल्लं गरम पाण्याच्या बाटलीजवळ टॉवेलात घरी ठेवली. वाटभर ती पेटीच्या जाळीला नखं घासत होती. ड्रायव्हर पठाण होता, आरशातून बघत म्हणाला, “बाजी, इसको क्या तकलीफ है?” मी म्हटलं, गाडीची सवय नाही.

दुकानदाराने तिला उलटी करून पाहिलं. “मदाम, ये तो दूधवाली है. बच्चे किधर?”

“मर गये.”

“सब?”

“सब.”

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पेटी आत नेली. पेटीतला टॉवेल त्याने मला परत दिला. तो ओला होता. मला वाटलं मुतली असेल. नाकाशी धरला तर दूध.

आता जे सांगणार आहे ते सगळ्यात खालचं. त्यासाठीच इतकी फिरत होते.

त्या दुधाचं काय होतं, ते मला माहीत होतं. सेहेचाळिसाव्या दिवशी मी हॉटेलच्या स्टाफ टॉयलेटात उभी होते, युनिफॉर्म पुढून भिजलेला, छातीत दगड झालेले, ताप चढलेला. बेसिनमध्ये दूध पिळून टाकत होते आणि पाणी सोडून आवाज झाकत होते. सात दिवस. मला कोणी सांगितलं नव्हतं की दूध असं एकदम बंद करायचं नसतं, ते सडतं, गाठी होतात. मी माझ्या अंगावर शिकले. म्हणजे पिल्लं एकाएकी ओढून घेतली की आईचं काय होतं, हे त्या दुकानात दुसऱ्या कोणाहीपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. तरी टॉवेल पिशवीत टाकला आणि टॅक्सीत बसले. हिलाही कळू दे, असं मला वाटलं. हेच शब्द. आपण काय म्हणतोय ते कळत असताना.

चौथ्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. मी किचनमध्ये पिल्लांसाठी चिकन वाटत होते. “मदाम, वो खलास. दूध अंदर पक गया, खाना छोड दिया था.” मी म्हटलं, ठीक आहे. शेरॉनने विचारलं कोण होतं. ऑफिस, म्हटलं.

आणि ते दहा दिवस — हेही सांगून टाकते — माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते. जुली बाकीच्यांनाही मारेल म्हणून तिला देऊन टाकली, असं शेरॉनला सांगितलं, आणि आम्ही दोघींनी मिळून पिल्लं वाढवली. बकरीचं दूध कोमट करायचं, ड्रॉपरने थेंब थेंब द्यायचं. चिकन पातळ वाटून बोटाने चाटवायचं, ओल्या कापसाने पोट पुसायचं. दर तीन तासांनी गजर. ती शाळेत असली की मी, आली की दोघी. एकदा दूध पाजता पाजता ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी पाऊण तास हलले नाही, हात बधिर झाला तरी. जुली हलायची नाही ना? मीही हलले नाही.

शाळेत तिने निबंध लिहिला — माय मदर सेव्ह्ड फाइव्ह बेबीज. टीचरने त्यावर सोनेरी चांदणी चिकटवली. तो कागद माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. मी तो उघडत नाही आणि फेकतही नाही.

पण ती उघड्या हातांनी पिल्लांना शिवली नाही. पहिल्याच दिवशी शाळेतून येऊन म्हणाली, “विथ माय हँड्स दे विल डाय, मम्मा.” हॉटेलात आम्ही बाथरूम साफ करायला वापरतो तसल्या पातळ हातमोज्यांचा खोका घरी होता. तिने त्यातले घातले. तिच्या हातांना ते मोठे होत, बोटांची टोकं लोंबायची. मी तेव्हा एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. मी काय केलं? खोका संपला तेव्हा दुसरा आणला. स्मॉल साइझ शोधून आणला.

दोन पिल्लं हगवणीने गेली. दूध मानवलं नसणार, मी काय डॉक्टर आहे? दोन्ही वेळा शेरॉन बाथरूममध्ये जाऊन हात धूत राहिली, हातमोजे घातलेले असूनही. उरलेली तीन मोठी झाली आणि चावायला लागली. खेळात नाही, रक्त काढायची. टोचायला नेली तर इराकी डॉक्टरने विचारलं, आई कुठे? मी सांगितलं, तिने एक पिल्लू मारलं, म्हणून देऊन टाकली. डॉक्टर म्हणाली, “ती? नवल आहे.” शेरॉन बाजूलाच उभी होती. तिने मान खाली घातली. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

त्या तिघांना कोणीच घेतलं नाही, चावणारं जनावर कोण घेईल? सात-आठ वर्षं ती शेरॉनच्या खोलीत राहिली. शेरॉन त्यांना जाड हातमोजे घालून उचलायची. चावली तर ओरडायची नाही. म्हणायची, त्यांचा दोष नाही, त्यांना शिकवायला कोणी नव्हतं.

आता ती एकवीस वर्षांची आहे. दुबईत नोकरीला लागलीय, हसते, बोलते, मैत्रिणींबरोबर फिरते. माझ्याशी चांगली वागते. आठवड्यातून एकदा तरी म्हणते, मम्मा, यू आर द बेस्ट. तुम्हाला वाटेल झालं-गेलं, पोर विसरली असेल. मीही तसंच धरून चालले होते.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. चर्चनंतर शारजातल्याच एका हॉलमध्ये जेवण होतं. अर्ध्याहून अधिक माणसं वसईची. पांढऱ्या लेसच्या झग्यातलं दीड महिन्याचं बाळ रडत रडत या हातातून त्या हातात फिरत होतं. शेरॉनच्या शेजारी मी बसले होते. भाची आली, म्हणाली, “घे ना ग, मावशी झालीस तू!” आणि बाळ तिच्यापुढे धरलं.

शेरॉनने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नो, नो. मी नको. माझे हात चांगले नाहीत,” म्हणाली. मराठीत म्हणाली. तिच्या तोंडून मराठी सहसा येत नाही. भाचीला वाटलं हात खरकटे असतील, तिने टिश्यू पुढे केला. शेरॉनने हसून मान हलवली. मी तिच्या पाठीमागे पाहिलं. तिने एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं घट्ट आवळून धरली होती, पांढरी पडेपर्यंत.

मग तिने माझ्याकडे बोट केलं. “गिव्ह टू मम्मा. शी नोज बेबीज.”

मी तेव्हाही बोलू शकले असते. दहा वर्षांनी का होईना, तिथेच, तिच्या कानात. त्या पिल्लाला तू काही केलं नव्हतंस, एवढंच. सहा-सात शब्द.

मी हात पुढे केले आणि बाळ घेतलं. ते माझ्याकडे येताच रडायचं थांबलं. टेबलावरच्या बायका म्हणाल्या, बघा, हिच्या हाताला कशी माया आहे. शेरॉन माझ्याकडे बघत होती, अगदी त्या पिंजऱ्याकडे बघायची त्याच डोळ्यांनी. आणि मी बाळाला थोपटत राहिले.